हीमोग्लोबिन व्ह्यूअर : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

कामाची व्याप्ती आज कागदावर आली. पडदा एक, खिडक्या दोन. डावीकडे ११ नंबरचं गुणसूत्र. अख्ख्या गुणसूत्रापासून सुरुवात करून एचबीबी या, हीमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणाऱ्या जनुकातल्या डीएनएच्या एकेका अक्षरापर्यंत उतरता आलं पाहिजे. उजवीकडे हीमोग्लोबिनचा त्रिमितीय रेणू, दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचा. डावीकडे अक्षरावर क्लिक केलं की उजवीकडे त्याचं अमिनो आम्ल उजळायला हवं, आणि उजवीकडून डावीकडेही तसंच.

उदाहरण सिकलसेलचं घेतलंय, कारण अक्षरापासून आजारापर्यंतची सगळी साखळी त्यात उघड दिसते. जनुकातल्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं, ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक तंतू होतात आणि तांबडी पेशी वाकडी होते.

जीनोम दाखवणारे ब्राउझर आणि रेणू दाखवणारी सॉफ्टवेअरं ही दोन वेगळी घराणी. एकातले लोक दुसऱ्यात फारसे जात नाहीत. माझ्या नोकरीचेही तसेच दोन तुकडे आहेत. आधीची बरीच वर्षं निव्वळ ग्राफिक्स: पृष्ठभाग, सावल्या, प्रकाश. नंतरची जैवमाहितीशास्त्रात. निवृत्तीआधी हे दोन्ही एका कोडमध्ये आणायचेत. जोडीला पीएच.डी.चा एक विद्यार्थी, आणि विचारायला जीवरसायनशास्त्राचे सर.

४ जून

प्रोटीन डेटा बँकेतून (पीडीबी, प्रथिनांच्या मोजलेल्या रचनांचा संग्रह) तीन फाइली उतरवल्या. २एचएचबी हे ऑक्सिजन नसलेलं नेहमीचं मानवी हीमोग्लोबिन, १.७४ अँगस्ट्रॉम विभेदनाचं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितका तपशील बारीक). १एचएचओ ऑक्सिजनसह, २.१ अँगस्ट्रॉम. २एचबीएस हे सिकल हीमोग्लोबिन, ऑक्सिजनविना, २.०५ अँगस्ट्रॉम. हिच्यात दोन अख्खे रेणू एकमेकांना टेकलेले आहेत आणि आपल्याला नेमकी ती टेकण्याची जागाच दाखवायची आहे.

१एचएचओ उघडली तर पडद्यावर अर्धाच रेणू. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, फाइल तुटलीय, परत उतरवतो." फाइल ठणठणीत आहे. या रचना प्रथिनाच्या स्फटिकावरून मोजलेल्या, आणि स्फटिकात जे सममितीने पुन्हापुन्हा येतं ते फाइलमध्ये एकदाच लिहितात. इथे एक अल्फा आणि एक बीटा एवढंच लिहिलंय. उरलेली जोडी शीर्षभागात रिमार्क ३५० खाली दिलेल्या मॅट्रिक्सने फिरवून आपण बनवायची. ग्राफिक्सवाल्याला यात नवल नाही, एक भूमिती आणि अनेक प्रती हे आमचं रोजचंच. फक्त आमच्याकडे किती प्रती काढायच्या ते आपण ठरवतो. इथे ते फाइल ठरवते.

९ जून

आजचा अख्खा दिवस मोजणीत गेला. माझ्या मते प्रकल्पाचा कणा हाच आहे, शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारं रंगवायचं कोड) वगैरे नंतर.

सिकलसेलचा बदल आरएस३३४ या नावाने नोंदलेला आहे. जीआरसीएच३८ या संदर्भ जीनोमात तो गुणसूत्र ११ वर ५२,२७,००२ या जागी. ही मोजणी एकपासून सुरू होते. तीच जागा बेड या, जीनोमवरच्या जागा नोंदवायच्या प्रकारच्या फाइलमध्ये लिहिली की होते ५२,२७,००१ ते ५२,२७,००२, कारण तिथे शून्यापासून मोजतात आणि शेवटचा आकडा धरत नाहीत. जीएफएफ या तशाच दुसऱ्या प्रकारात पुन्हा एकपासून आणि दोन्ही टोकं धरून. तीन फाइली, जागा एकच.

त्यात एचबीबी डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे, आणि संदर्भ जीनोमात सरळ धागा लिहितात (एसमोर टी, सीसमोर जी). पुस्तकात बदल एचा टी असा असतो आणि संदर्भ जीनोमात तोच टीचा ए दिसतो. जीएजी शोधायला गेलेल्याला पडद्यावर सीटीसी मिळणार, आणि बदलानंतर सीएसी. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला जनुक शेपटीकडून सुरू झाल्यासारखं वाटतं.

एवढ्यावर भागत नाही. सगळी जुनी पुस्तकं हे अमिनो आम्ल सहावं म्हणतात आणि २एचएचबीतही त्याचा क्रमांक ६ आहे. जनुकीय अहवालात मात्र ते सातवं. प्रथिन बनताना सुरुवातीला मेथिओनिन लागतं आणि पुढे ते छाटलं जातं. अहवालवाले त्याला मोजतात, स्फटिकवाले मोजत नाहीत, कारण स्फटिकात ते नसतंच.

यातलं कोणीच चुकत नाही, हीच मेख आहे. चूक असती तर दुरुस्त करून मोकळे झालो असतो. ठरवलं असं: कोडच्या आत एकच पद्धत, शून्यापासून, शेवटचं टोक वगळून, सरळ धाग्यावर. फाइल वाचताना त्यात आणायचं आणि पडद्यावर लिहिताना ज्याच्या त्याच्या पद्धतीत न्यायचं. मधे कुठेही अधिक एक, वजा एक दिसलं तर ते कोड परत जाईल.

सरांना फोन केला, लेबलवर सहा लिहू की सात? "दोन्ही लिहा मॅडम. डॉक्टर मंडळी सहाच म्हणणार आणि रुग्णाच्या हातातल्या रिपोर्टवर सात असणार. एकच लिहिलंत तर कोणाला तरी वाटेल हा दुसराच बदल आहे."

दोन्ही लिहिले.

१३ जून

डाव्या खिडकीत खोल झूम केलं की अक्षरांच्या चौकटी थरथरतात. कारण लगेच कळलं. ग्राफिक्स कार्ड ३२ बिटांच्या दशांश संख्या वापरतं आणि त्यात अचूकतेला २४ बिटच मिळतात. पन्नास-बावन्न लाखांच्या आसपास दोन लगतच्या संख्यांत अर्ध्याचं अंतर असतं, म्हणजे चौकटीची कड एकतर अक्षराच्या टोकाला बसणार नाहीतर बरोबर मध्यावर. गुणसूत्र १ च्या शेवटाकडे, पंचवीस कोटींजवळ, हेच अंतर १६ होतं. तिथे सोळा अक्षरं एकाच जागी गोळा होतील.

खेळांच्या दुनियेत विस्तीर्ण नकाशांवर हाच त्रास होतो आणि उपायही तिथलाच: पडद्याचा डावा काठ हा मूळबिंदू धरायचा, वजाबाकी प्रोसेसरवर ६४ बिटांत उरकायची आणि कार्डाकडे उरलेला छोटा आकडा पाठवायचा. विद्यार्थ्याने तासाभरात बसवलं. थरथर गेली.

१८ जून

आता उलट टोक. अख्खं गुणसूत्र ११ साडेतेरा कोटी अक्षरांचं. दीड हजार पिक्सेल रुंद खिडकीत एका पिक्सेलच्या वाट्याला नव्वद हजार अक्षरं येतात. एचबीबी जेमतेम सोळाशे अक्षरांचं, म्हणजे पिक्सेलच्या पन्नासाव्या हिश्शाएवढंही नाही. त्याची भावंडंही शेजारीच आहेत, गर्भावस्थेत चालणारी गॅमा जनुकं धरून. तो सगळा बीटा-ग्लोबिन समूह एक-दोन पिक्सेलांत मावतो.

ग्राफिक्समध्ये याला मिपमॅप म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेली कल्पना: चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती आधीच करून ठेवायच्या आणि दुरून बघताना लहान प्रत वापरायची. लहान प्रत म्हणजे सरासरी. दूरच्या विटांच्या भिंतीला सरासरी शोभते, प्रत्येक वीट वेगळी दिसावी अशी कोणाची अपेक्षा नसते.

जीनोमच्या ट्रॅकवर (जागेनुसार आकडे दाखवणारी आडवी पट्टी) तीच सरासरी घातक ठरते. आमच्या ट्रॅकवर तांबड्या पेशी घडत असतानाची आरएनएची मोजणी आहे, म्हणजे कुठलं जनुक किती चालतंय ते. एचबीबीचा सुळका त्यात इतका उंच की बाकी काही दिसू नये. नव्वद हजारांत सरासरी काढली की तो पन्नासपट बुटका होतो आणि सामान्य जनुकांच्या रांगेत जाऊन बसतो. सरासरीऐवजी कमाल मूल्य घेतलं तर सुळका टिकतो, पण मग कुठल्याही एका अक्षरावरची सटरफटर नोंदही तेवढीच ताठ उभी राहते.

बिगविग या फाइल प्रकाराच्या कर्त्यांनी हे आधीच ओळखलं होतं. ती प्रत्येक पायरीला किमान, कमाल, बेरीज, वर्गांची बेरीज आणि किती जागी माहिती होती तो आकडा, असं सगळं ठेवते. काय दाखवायचं हे शेवटपर्यंत खुलं राहतं. आम्ही सरासरी गडद आणि तिच्यावर कमाल फिकट असं दोन थरांत रंगवलं. चित्र थोडं केसाळ दिसतं. दिसू दे.

२३ जून

हीमच्या (हीमोग्लोबिनमधली ऑक्सिजन धरणारी, लोह असलेली चकती) मधोमध सोडियम! विद्यार्थ्याने जुन्या वळणाच्या फाइलींसाठी लिहिलेल्या वाचकातून (फाइल वाचणाऱ्या कोडमधून) निघाला. पीडीबीची जुनी मांडणी पंचकार्डाच्या काळातली, ओळीत ८० अक्षरं, प्रत्येक गोष्टीला ठरलेले स्तंभ. अणूचं नाव १३ ते १६ या स्तंभांत. मूलद्रव्याचं चिन्ह त्यातल्या पहिल्या दोन स्तंभांत उजवीकडे सरकवून लिहितात. हीममधल्या चार नायट्रोजनांची नावं एनए, एनबी, एनसी, एनडी. चौदाव्या स्तंभापासून एनए असेल तर नायट्रोजन, तेराव्यापासून असेल तर सोडियम. रिकाम्या जागा छाटून टाकल्या की दोघांत फरक उरत नाही. अशाच छाटणीत अल्फा कार्बनचा, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लातल्या कण्यावरच्या कार्बनचा (नाव सीए), कॅल्शियम होतो.

नव्या फाइलींत मूलद्रव्य ७७–७८ या स्तंभांत वेगळं असतं. मोठ्या रचनांसाठी तर आता एमएमसीआयएफ ही नवी मांडणीच, कारण जुन्या मांडणीत अणूच्या अनुक्रमांकाला पाचच घरं आहेत आणि ९९,९९९ च्या पुढे ती संपतात. आपणही एमएमसीआयएफच वाचायचं ठरलं. जुना वाचक काढून टाकला.

१ जुलै

अणूंचे गोळे. हीमोग्लोबिनमध्ये हायड्रोजन सोडून साडेचार हजारांवर अणू. प्रत्येक गोळा ३२० त्रिकोणांचा केला तर चौदा लाखांवर त्रिकोण होतात आणि जवळ गेल्यावर गोळ्याची कड तरीही कोनाकोनांचीच दिसते.

म्हणून त्रिकोणांचा गोळा करायचाच नाही. प्रत्येक अणूसाठी कॅमेऱ्याकडे तोंड केलेला एक चौरस ठेवायचा आणि शेडरमध्ये दर पिक्सेलला विचारायचं, डोळ्यापासून निघालेली रेषा या गोळ्याला छेदते का? साधं वर्गसमीकरण आहे. विवेचक ऋण आला तर पिक्सेल टाकून द्यायचा. धन आला तर जवळचं मूळ घ्यायचं, तिथला लंब काढायचा, खोली लिहायची. कितीही जवळ जा, कड गोलच राहते. दोन खाचखळगे आहेत. यथार्थदर्शनात गोळ्याची छाया वर्तुळ नसून लंबवर्तुळ पडते, म्हणून चौरस थोडा मोठा घ्यावा लागतो. आणि खोली शेडरमध्ये लिहिली की कार्डाची आधीच गाळणी करायची सोय बंद पडते. दोन्हींनी या आकाराच्या रेणूला काही फरक पडत नाही.

विद्यार्थ्याला हे सगळं नवं वाटलं. त्याला रासमोलबद्दल सांगितलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रेणू फिरवून बघायचे तर महागडं ग्राफिक्स वर्कस्टेशन लागायचं आणि त्याच्यासमोर बसायची पाळी लावावी लागायची. रॉजर सेल यांच्या या प्रोग्रॅमने साध्या संगणकावर, ग्राफिक्स कार्डाशिवाय, गोळे सावल्यांसकट दाखवले. आमच्यातल्या कित्येकांनी पहिलं प्रथिन स्वतःच्या टेबलावर फिरवलं ते त्यातच.

रंग मात्र जुन्या लाकडी-प्लास्टिकच्या मॉडेलांपासून चालत आलेले: ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा. यात हुशारी करायची नाही.

८ जुलै

रिबन. प्रथिनाचा कणा फितीसारखा काढायची पद्धत जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये रूढ केली, आणि ती चित्रं त्यांनी हाताने काढली होती. पाचच वर्षांनी कार्सन आणि बग यांनी तिला बी-स्प्लाइनचं (काही बिंदूंवरून गुळगुळीत वक्र काढायच्या रीतीचं) गणित दिलं. आजही बहुतेक व्ह्यूअर त्याच वाटेने जातात.

आमचं घोडं इथे अडलं. बी-स्प्लाइन तिच्या नियंत्रक बिंदूंमधून जात नाही, त्यांच्या आतून जाते. म्हणूनच ती इतकी सुरेख वळते. अल्फा हेलिक्समध्ये (साखळीचं मळसूत्री वळण) अल्फा कार्बन अक्षापासून २.३ अँगस्ट्रॉमवर असतात आणि प्रत्येक अमिनो आम्लाला १०० अंशांचं वळण. हे आकडे घनीय स्प्लाइनच्या सूत्रात घातले की फितीची त्रिज्या ०.६१ पट होते, म्हणजे सुमारे १.४ अँगस्ट्रॉम. फीत आणि खरा अणू यांच्यात जवळजवळ एका अँगस्ट्रॉमची फट पडते.

नुसती फीत बघणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. आपल्याला मात्र सहाव्या जागेची बाजूची साखळी काड्यांनी दाखवायची आहे. ती ए या पहिल्या हेलिक्सच्या सुरुवातीलाच आहे. काड्या काढल्या तर व्हॅलिन हवेत लोंबकळत राहिलं, फितीला कुठेच न चिकटता. ज्या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप, तीच सुटलेली.

पर्याय कॅटमल-रोम स्प्लाइनचा, तीही १९७४ पासून ग्राफिक्सच्या घरातलीच. ती प्रत्येक बिंदूतून जाते. तोटा असा की बीटा पट्ट्या (साखळीचे ताणलेले, सपाट भाग) असलेल्या प्रथिनांत फीत नागमोडी होते, कारण तिथे अल्फा कार्बन खरोखरच वर-खाली असतात. हीमोग्लोबिनमध्ये बीटा पट्ट्या नाहीतच, बीटा साखळीत ए ते एच असे आठ हेलिक्स आणि मधले दुवे. तेव्हा इथे कॅटमल-रोम. फीत आधीपेक्षा जाड, थोडी बेढब दिसते. काड्या मात्र तिच्यातूनच उगवतात. विद्यार्थ्याला जुनी जास्त आवडली होती. मलाही.

१५ जुलै

पृष्ठभाग. १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोळा, म्हणजे अंदाजे पाण्याचा रेणू, सगळ्या अणूंवरून फिरवला तर तो जिथवर पोचतो तो पृष्ठभाग. आम्ही घनाकार जाळीवर अंतरं काढतो आणि मार्चिंग क्यूब्जने त्रिकोण करतो. लॉरेन्सन आणि क्लाइन यांचं १९८७ चं अल्गोरिदम. घराला आठ कोपरे, प्रत्येक आत किंवा बाहेर, म्हणून २५६ शक्यता. सममितीने त्यांच्या १५ होतात. मूळ १५ च्या तक्त्यात काही शेजारी घरांच्या कडा जुळत नाहीत आणि भोकं राहतात. मी वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलंय, म्हणून सुधारलेला तक्ता पहिल्यापासूनच घेतला.

खरा प्रश्न जाळी किती बारीक घ्यायची हा. २एचबीएसमध्ये एका रेणूचं सहावं व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतल्या एका खळग्यात शिरतं. फेनिलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ हे त्या खळग्याचे काठ, दोघंही पाण्याला नकोशी. हा खळगा ऑक्सिजन सोडलेल्या रूपातच नीट उघडा असतो. एका अँगस्ट्रॉमच्या जाळीत तो उथळ बशीसारखा दिसतो. अर्ध्या अँगस्ट्रॉमला खळगा म्हणावा असा दिसतो, आणि घरं आठपट होतात. एका रेणूला पंधरा-वीस लाख घरं, आजच्या कार्डाला हे काहीच नाही.

मग सवयीने पृष्ठभाग गुळगुळीत करायचा फिल्टर लावला गेला, जसा आम्ही ग्राफिक्सवाले कुठल्याही जाळीवर लावतो, हात धुवावेत तसा. दोन फेऱ्यांत खळगा निम्मा भरला. चित्र देखणं, छापायला पाठवावं असं. आणि व्हॅलिनला शिरायला जागाच नाही. फिल्टर कायमचा काढला. त्रिकोणांचा खरखरीतपणा झाकायला लंब थेट अंतराच्या क्षेत्रातून घेतले, त्याने आकार हलत नाही.

पेरुट्झ यांनी १९६० मध्ये हीमोग्लोबिनचा पहिला आकार दाखवला तो ५.५ अँगस्ट्रॉमचा होता. घनतेच्या समोच्च रेषा कापून थरावर थर रचलेलं मॉडेल. मार्चिंग क्यूब्ज जे करतं तेच, हाताने. त्यात एकही थर घासून गुळगुळीत केलेला नाही, पायऱ्या तशाच ठेवल्यात. बघणाऱ्याला आपोआप कळतं की माहिती एवढीच आहे.

१७ जुलै

दिवा कॅमेऱ्याला बांधला, रेणूला नाही. माणसाचा मेंदू प्रकाश वरून येतो असं धरून चालतो. दिवा रेणूबरोबर फिरला आणि खाली गेला की खळगा टेंगूळ दिसायला लागतो. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे धरले की होतं तसं. सभोवारची सावली हलकी ठेवली, जेमतेम खोली कळेल इतकी.

२४ जुलै

आज रंगांवरून बरीच वादावादी, आणि मला वाटतं हीच नोंद पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

विद्यार्थ्याने अल्फाफोल्डने (अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचना सांगणारी एआय प्रणाली) भाकीत केलेलं बीटा साखळीचं मॉडेलही तिसरा पर्याय म्हणून जोडलं. चांगली कल्पना. त्याने तेच रंग लावले जे २एचएचबीला होते: बी-फॅक्टर कमी तर निळा, जास्त तर तांबडा. बी-फॅक्टर म्हणजे अणू आपल्या जागी किती डगमगता आहे त्याचं माप. कमी म्हणजे पक्का.

भाकीत मॉडेलात त्याच रकान्यात पीएलडीडीटी हा विश्वासाचा गुण लिहिलेला असतो. ० ते १००, ९० च्या वर म्हणजे अतिशय भरवशाचं, ५० च्या खाली म्हणजे न धरण्यासारखं. रकाना तोच, अर्थ बरोबर उलटा. त्यामुळे मॉडेलचा सगळ्यांत पक्का भाग पडद्यावर तांबडालाल आणि डळमळीत टोक शांत निळं. चित्र दिसायला अगदी रीतसर. कोणी हटकलं नसतं.

उपाय म्हणून रंगांचं फलन आता रकान्यावर चालत नाही, राशीवर चालतं: अणूचं डगमगणं वेगळं, भाकिताचा विश्वास वेगळा. दोघांच्या रंगपट्ट्याही वेगळ्या, म्हणजे शेजारी ठेवल्यावर कोणी नजरेने तुलना करणार नाही. विश्वासासाठी सगळीकडे चालणारेच चार रंग, गडद निळा, फिका निळा, पिवळा, नारिंगी. डगमगण्यासाठी एकाच दिशेने उजळत जाणारी व्हिरिडिस ही रंगपट्टी. इंद्रधनुषी पट्टी कुठेच नाही. तिच्यातला पिवळा पट्टा उगाच डोळ्यात भरतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा चित्रात उभी करतो. लाल-हिरवाही नाही. जनुक-अभिव्यक्तीच्या तक्त्यांत १९९८ पासून लाल-हिरव्याची रूढीच पडली, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत.

त्याच मॉडेलात आणखी दोन गोष्टी सापडल्या. हीम नाही, कारण भाकीत फक्त अमिनो आम्लांच्या साखळीचं. त्याच्या जागी पोकळी आहे, ती 'रिकामी' आहे असं लेबल लावलं. आणि क्रमांक मेथिओनिनपासून, म्हणजे आपलं सहावं इथे सातवं. ९ जूनची शिस्त कामी आली, एक ओळही बदलावी लागली नाही.

३१ जुलै

दोन वेब ब्राउझरांत खोलीची गणितं वेगळी. आठवडा त्यातच. लिहिण्याजोगं काही नाही.

७ ऑगस्ट

ऑक्सिजन घेताना हीमोग्लोबिन वळतं. अल्फा-बीटाची एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरते. २एचएचबीपासून १एचएचओपर्यंतचं हे वळण हलतं दाखवायचं अशी विद्यार्थ्याची फार इच्छा.

त्याने आधी सरळ रेषेतलं मिश्रण केलं: सुरुवातीचे निर्देशांक, शेवटचे निर्देशांक, मधलं प्रमाणशीर. मी म्हटलं, अरे, फिरणं असं मिसळलं की वस्तू मधे आकसते, क्वाटर्नियन (फिरणं चार आकड्यांत मांडायची रीत) वापर. केन शूमेक यांनी १९८५ मध्ये ते संगणक-चलचित्रात आणलं त्याला हेच कारण. आकडेमोड केली तर १५ अंशांना मधलं आकुंचन एका टक्क्याच्याही आत भरतं. डोळ्याला दिसणार नाही. तरी क्वाटर्नियनच ठेवलं.

हालचाल तयार झाली, लोण्यासारखी. सरांना दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली आणि विचारलं, "मॅडम, हे मधलं रूप कोणी पाहिलंय?"

कोणीच नाही. दोन टोकं मोजलेली आहेत, मधलं आमच्या सूत्रातून आलेलं. खरा रेणू त्याच वाटेने जातो असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही. चित्रपटात मधल्या चौकटी आपण भरतो ते ठीक, तिथे दोन चौकटींमध्ये काय घडलं याचा हिशेब कोणी मागत नाही. इथे विद्यार्थी ती हालचाल बघून 'रेणू असा वळतो' असं उत्तरपत्रिकेत लिहिणार.

विद्यार्थ्याचा युक्तिवादही खोटा नव्हता: हालचाल नसेल तर कुठला भाग कुठे गेला हे डोळा पकडू शकत नाही. शेवटी तडजोड. टोकाची दोन रूपं पूर्ण रंगात. मधला प्रवास अर्ध्या सेकंदाचा, राखाडी, आणि त्यात रेणू कुठेही थांबवता येत नाही. थांबवता येत नाही म्हणजे त्याचं चित्रही काढता येत नाही.

१४ ऑगस्ट

पहिल्या पानावर काय ठेवायचं यावर चर्चा. मी इंग्रॅम यांचा प्रयोग सुचवला. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकल हीमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं हे दाखवलं होतं, पण रेणूत नेमका फरक कुठे ते माहीत नव्हतं. इंग्रॅम यांनी १९५६ च्या सुमारास दोन्ही हीमोग्लोबिनांचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे केले आणि कागदावर एका दिशेने विजेने, दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. दोन कागद, प्रत्येकावर तिसेक ठिपके, आणि त्यातला एकच ठिपका हललेला.

माझ्या मते या विषयातलं इतकं नेमकं चित्र पुढेही फार झालेलं नाही. प्रत्येक ठिपका मोजलेला, तुलना शेजारीशेजारी, आणि बघणाऱ्याने काय शोधायचं ते न सांगता कळतं. पहिल्या पानावर आपण तीच मांडणी घेतली: डावीकडे नेहमीचं, उजवीकडे सिकल, कॅमेरा दोन्हींना एकच, आणि रंग फक्त वेगळ्या असलेल्या जागेला. बाकी सगळं राखाडी.

२१ ऑगस्ट

पदवीच्या काही मुलांना वापरायला दिलं, मागे उभी राहून पाहिलं. पृष्ठभागाचं बटण सगळ्यांनी आधी दाबलं. खळगा बहुतेकांना आपापला सापडला. अडले ते उलट्या धाग्याशी. सीटीसी बघून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे जीएजी नाहीच आहे." आता डाव्या खिडकीत दिशेचा बाण आणि खाली दुसऱ्या धाग्याची अक्षरंही कायम दिसतात.

आणखी एक गोष्ट मुलांनी दाखवून दिली. हीमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन सहावी व्हॅलिनं असतात, दोन बीटा साखळ्यांची. तंतू बनताना रेणूंच्या रांगा जोडीने येतात, आणि जोडीतल्या दुसऱ्या रांगेशी होणाऱ्या संपर्कात त्यातलं एकच वापरलं जातं. आम्ही दोन्ही उजळत होतो, आणि "दुसरं कशाला चिकटतं?" असं तिघाचौघांनी विचारलं. आता संपर्कातलं भरीव रंगात, दुसरं नुसत्या बाह्यरेषेत.

२८ ऑगस्ट

चित्र उतरवून घ्यायची सोय. इथून निघालेलं चित्र कुठे जाईल सांगता येत नाही: सादरीकरणात, पाठ्यपुस्तकात, कोणाच्या प्रबंधात. म्हणून प्रत्येक चित्राखाली एक पट्टी छापून येते: फाइलचा क्रमांक, मोजलेली रचना की भाकीत, विभेदन, रंग कोणत्या राशीचा, जाळी किती बारीक, डावी खिडकी असेल तर सरासरी की कमाल.

विद्यार्थी म्हणाला पट्टी काढून टाकायचा पर्याय देऊ, लोक नाहीतरी कापणारच. कापू देत, पण मग ते त्यांनी कापलेलं असेल. पर्याय द्यायचा नाही. त्याला पट्टीचा टंक फार मोठा वाटतो, ते मान्य. दोन अंकांनी कमी करून शाखा मुख्य कोडमध्ये मिसळली. सरांना ०.९ आवृत्तीचा दुवा पाठवला. पुढे डेल्टा आणि गॅमा साखळ्या जोडायच्यात, क्रमांकांचे तक्ते विद्यार्थी करतोय.